कमी उंचीचा ट्रायपॉड

आई, काल दुपारी घरात एक गोष्ट झाली आणि ती सांगायला तुझ्याशिवाय कुणी सुचेना. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझ्या माघारी जन्मलेली मुलं आता नोकरीला लागली. तरी काही घडलं की माझी मान आधी स्वयंपाकघराच्या दाराकडेच वळते. तू विळीवर बसलेली असशील आणि म्हणशील, "काय झालं? नीट सांग, पहिल्यापासून सांग." तर पहिल्यापासून सांगते. मी ट्रायपॉड घेतला. ट्रायपॉड म्हणजे कॅमेरा ठेवायची तीन पायांची घोडी. तुझ्या जावयांना द्यायला घेतला, माझ्या शिकवणीच्या पैशांतून घेतला, आणि आणला मात्र अगदी तुझ्या पद्धतीने, म्हणजे थापा मारत.

तुझे जावई तुला कॅमेऱ्याशिवाय आठवणारच नाहीत. इथल्या मराठी मंडळातली मुंज असो, बारसं असो, डोहाळजेवण असो, फोटो यांचेच. पैसे कधी कुणाकडून घेतले नाहीत, फक्त पंगतीत शेवटी बसायचे आणि उरलेल्या जिलब्यांवर हक्क सांगायचे. रिटायर झाल्यावर मला वाटलं होतं, आता हे घरात दिसणारच नाहीत. झालं उलटंच. मागच्या वर्षीपासून यांचे हात थरथरायला लागले. चहाची बशी वाजते, शर्टाचं वरचं बटण लागत नाही आणि फोटो सगळे हललेले येतात. मी एकदाच म्हटलं, "अहो, डॉक्टरला दाखवायचे का हात?" तर ताडकन म्हणाले, "हाताला काय झालं? कॅमेरा म्हातारा झाला आहे." तुला माहीतच आहे, नाकावर माशी बसू देणार नाहीत. मग संक्रांतीच्या कार्यक्रमात मंडळाचा नवा सेक्रेटरी, चांगल्या मनानेच हो, म्हणाला, "काका, आप आराम से बैठो, हम मोबाइल से खींच लेते हैं." हे हसले, बसले, तिळगूळ खाल्ला. घरी येऊन कॅमेरा माझ्या जुन्या रेशमी साडीच्या तुकड्यात गुंडाळला आणि कपाटात ठेवून दिला. त्यानंतर बाहेर जाणंच बंद. चहासुद्धा बशी वाजू नये म्हणून स्टीलच्या ग्लासातून, आणि तोही मी खोलीतून गेल्यावर. मला चिंता फोटोंची नव्हती, आई. माणूस असा एकेक गोष्ट सोडत गेला की मागे काय उरतं, याची धास्ती होती. बाबा तसे सोडता सोडता वाचले होते. तू वाचवलंस त्यांना.

त्या वेळी मला यातलं काही कळत नव्हतं. बाबा फॅक्टरीत जिथे काम करत तिथे दिवसभर लोखंडावर मोठाले घण पडत. त्या आवाजाने कान जात, हे सगळ्या कॉलनीला माहीत होतं आणि कुणी बोलत नसे. कळलं तर हलक्या कामावर टाकतील ही भीती, आणि त्याहून जास्त लाज. बाबा मंडळात जाईनासे झाले होते, कुणी आलं तर नुसते हसून मान हलवायचे. मी सातवी-आठवीत असेन. बाबा पाटावर जेवायला बसले आहेत, मी त्यांना शाळेच्या भेडाघाटच्या सहलीचं विचारते आहे. ते हसतात. मी पुन्हा विचारते, ते पुन्हा हसतात. मग मी वैतागून ओरडते, "बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही का?" बाबांचा घास हातातच राहतो. तू तव्यावरची पोळी तशीच टाकून माझ्याकडे वळतेस. तुझा तसा चेहरा मी आधी कधी बघितलेला नाही. "काहून ओरडून राहिली? त्यांना चांगलं ऐकू येते. ऐकू मला नाही येत. काय सांगायचं ते मोठ्यानं सांग, म्हणजे मलाही समजंल." पोळी करपली आणि तीच तू मला वाढलीस.

त्या दिवसापासून तू बहिरी झालीस. कमाल आहे बाई तुझी! मोलकरणीला सांगितलंस, दूधवाल्याला सांगितलंस, शेजारच्या मिश्राणीला तर रडवेल्या आवाजात सांगितलंस. भाजीवाला गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत यायचा, "अम्मा ऊँचा सुनती हैं." आपल्या घरात सगळे मोठ्याने बोलायला लागले, पाहुणे आले तर तेही. आणि त्या सगळ्या आरड्याओरड्यात बाबांना आपोआप ऐकू यायला लागलं. ते हसण्याऐवजी उत्तरं द्यायला लागले. मंडळातही परत जायला लागले, कारण बायको बहिरी, तिला एकटीला कसं पाठवायचं? गंमत म्हणजे तुझं सोंग बाबांनाही खरं वाटायचं. तुझ्याकडे बघून हळहळायचे. मला आठवतं, कुणालातरी दारातच अडवून ते समजावून सांगत होते, "हिच्याशी जरा मोठ्यानं बोला हो, हिचे कान गेलेत बिचारीचे." तू आत पोहे परतत होतीस आणि तुझे खांदे हलत होते. मला वाटलं, रडते आहेस.

रेडिओ आणायला गेलो तो दिवस तर मी विसरूच शकत नाही. बाबांना बातम्या ऐकू येत नव्हत्या म्हणून आदळआपट चालली होती, आणि तू जाहीर केलंस की मला माझ्यासाठी नवा रेडिओ पाहिजे. फुहाऱ्याच्या बाजारात मला घेऊन दुकानात शिरलीस. दुकानदाराने सुबक, लहानसे, चमकदार रेडिओ काढले. तू त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाहीस. "भैया, फुल करो," म्हणालीस आणि स्वतः दुकानाबाहेर जाऊन रस्त्याच्या पलीकडे उभी राहिलीस. रिक्षा चालल्या आहेत, माणसं बघताहेत, आणि तू तिकडून हात हलवून सांगते आहेस, हा नाही, दुसरा लावा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी तू एक बोजड, तपकिरी, कुणी घेत नाही असा रेडिओ निवडलास. दिसायला ठोकळा, पण आवाज खणखणीत आणि बटणं लाडवाएवढी. वाटेत मी रुसून म्हटलं, तो छोटा किती छान होता. तू म्हणालीस, "द्यायची वस्तू डोळ्यानं नाही बघायची. ज्याला द्यायची त्याच्या हातानं बघायची, त्याच्या कानानं बघायची. पैसे कमी असले तर शोभा सोड, काम सोडू नको." मग जरा घोटाळलीस आणि म्हणालीस, "म्हणजे माझ्या कानानं."

खरं काय ते आम्हाला कळलं बाबा गेल्यावर. तेराव्याचा दिवस होता. बाहेरच्या खोलीत काकू आणि आत्या कुजबुजत होत्या की साखर संपलेली दिसते, आता चहाचं काय करायचं, हिला कसं विचारायचं. आणि तू आत देवघरापाशी बसून, आमच्याकडे पाठ करून, अगदी साध्या आवाजात म्हणालीस, "साखर वरच्या फळीवर आहे, पितळी डब्यात." आत्या माझ्याकडे बघते आहे, मी आत्याकडे. एवढ्या वर्षांत या बायकांनी तुझ्या तोंडावर तुझ्याबद्दल काय काय म्हटलं होतं ते एकेकीला आठवत असावं! नंतर मी तुझ्याजवळ येऊन विचारलं, "आई, तुला ऐकू येत होतं?" तू माझ्याकडे बघितलंस, डोळे पुसलेस आणि म्हणालीस, "काय? मोठ्यानं बोल." त्यापुढे या विषयावर तू कधी बोलली नाहीस. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तुझंच वाक्य.

तर मी ठरवलं, आपणही मूठ झाकायची. हात थरथरतात म्हणून ट्रायपॉड घ्या, असं म्हटलं असतं तर यांनी तो कपाटातही ठेवला नसता, गोहलपुरच्या भंगारवाल्याला दिला असता. तुझी नात बंगळुरूहून म्हणाली, "मम्मी, ऑनलाइन मँगवा लो ना, फोटो बघून घे, पसंद येईल तो." म्हटलं, बाई, फोटो बघून घ्यायला मी काय नवरी शोधून राहिली आहे? मला हात लावून बघायचा होता. तीन हजारांच्या वर जायचं नाही एवढं पक्कं केलं आणि यांची दुपारची झोप लागल्यावर कॅमेरा कपाटातून काढला. कापडी पिशवीत तळाशी कॅमेरा, वर मेथीच्या जुड्या. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ना, तसं. निघताना हे जागे झालेच. "कुठे?" "मेथी परत करायला," मी म्हटलं. "किडकी निघाली." हे म्हणाले, "चलो, बरं आहे," आणि कूस बदलली.

दुकानदार भला माणूस होता. त्याने आधी एक दाखवला तो काडीसारखा हलका होता, अगदी स्वस्त. त्यावर आपला कॅमेरा ठेवला तर कॅमेऱ्यासकट त्याचं वरचं डोकं हळूहळू खाली वाकायला लागलं. दुसरा माझ्या डोक्याच्या वर जाईल एवढा उंच, रंग काय, पिशवी काय, पण पूर्ण उघडून बोट लावलं की वर सगळा डुलायचा. तिसरा पाहिला आणि मन बसलं त्याच्यावर, पण किंमत ऐकून हात मागे घेतला. मग मी तुझ्यासारखं केलं. मेथी काउंटरवर ठेवली, दोन्ही हात मुद्दाम थरथर थरथर हलवायला लागले, आणि तसल्या हातांनी एकेका ट्रायपॉडच्या पायांच्या खिट्ट्या उघडून-बंद करून बघायला लागले. पिळून घट्ट करायच्या होत्या त्या जमेनात. बारीक स्क्रू तर नाहीच. दुकानदार घाबरला. "दीदी, तबीयत ठीक है ना? पानी मँगवाऊँ?" म्हटलं, "मला काही नाही झालं भैया, जिसको देना है उसका हाथ ऐसा है." मग त्याने स्टूल घेऊन वरच्या फळीवरून धुळीने भरलेला एक खोका काढला. "ये कोई नहीं लेता, दीदी. हाइट कम है."

उंची खरंच कमी. पूर्ण उघडला तरी माझ्या छातीएवढा. पण पाय जाडजूड, खिट्ट्या मोठ्या, अंगठ्याने ढकलल्या की खटकन बसणाऱ्या. कॅमेरा फिरवायला लांब दांडा, मुठीत धरता येईल असा. मधल्या दांड्याखाली एक हूक होता. दुकानदार म्हणाला, वारं असलं तर याला वजन लटकवायचं, मग हलत नाही. मी लगेच मेथीची पिशवी लटकवून बघितली, पर्समधली चिल्लरही टाकली. कॅमेरा मुंगीएवढाही हलला नाही. उंचीचं काय, मुंजीत नाहीतरी बटू पाटावर बसलेला असतो आणि हे आता खुर्चीवर बसल्याशिवाय फोटो काढणार नाहीत. बसलेल्या माणसाला छातीएवढा ट्रायपॉड डोळ्यांशी येतो. म्हणजे ज्या उंचीवाचून तो कुणी घेत नव्हतं, ती आम्हाला नकोच होती. पैसेही तीन हजारांच्या आत बसले. जाताना दुकानदाराने आणखी एक गोष्ट शिकवली, फुकटात. बटण दाबताना हात हललाच तर? "टायमर लगा दो, दीदी. बटन दबाओ, हाथ हटा लो, फोटो बाद में अपने आप खिंचेगी." त्याच्या मुलांचं भलं होवो.

घरी येऊन थाप मारली, मला लेकीला पुरणपोळीचा व्हिडिओ करून पाठवायचा आहे, मोबाईलसाठी आणला. यांनी चष्मा लावला. "मोबाईलसाठी एवढा मोठा? तू तर डब्यावर ठेवून करून राहिली होती." "डबा घसरते," मी म्हटलं. "मला काही उघडता येत नाही, तुम्हीच बघा जरा." झालं. मदत मागितली की तुझे जावई विरघळतात. खाली बसून एकेक पाय उघडला. खिट्ट्या खटाखट लागल्या. "अशी नाही, आधी जाड पाय उघडायचे, मग बारीक. कुणी दिला हा तुला? चांगला दिला आहे." दोन दिवस मी पुरण शिजवलं, वाटलं, पोळ्या लाटल्या आणि हे खुर्चीवर बसून, "परातीकडे सरक, पीठ दिसून नाही राहिलं," अशी फर्मानं सोडत होते. पोळ्या खाऊन खाऊन आम्ही दोघं बेजार झालो. मी मात्र कॅमेऱ्याचं नावही काढलं नाही. मग एके दिवशी मी आंघोळ करून बाहेर आले तर मोबाईल टेबलावर होता आणि ट्रायपॉडवर कॅमेरा. "बसतो का नाही ते बघून राहिलो," हे म्हणाले, मी विचारलं नसताना. मी म्हटलं, अच्छा. आत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले आणि रडले, आई. आनंदाने रडले. तुला मनातल्या मनात शंभरदा नमस्कार केला. तुझी युक्ती इतक्या वर्षांनी माझ्या घरात चालली होती.

आणि काल दुपारी ती गोष्ट झाली. चेरीतालच्या आमच्या घराच्या गच्चीवर ऊन होतं, मी वड्या वाळत घालत होते. हे ट्रायपॉड घेऊन वर आले, खाली विटा भरलेली पिशवी लटकवली, म्हणाले, "बस तिथे, टेस्ट घेतो." मी पदर नीट केला. यांनी टायमर लावला, बटण दाबलं आणि उठून लगबगीने माझ्याशेजारी येऊन बसले. मला काही कळेचना. आमच्या घरात अल्बमांचा ढीग आहे, पण त्यात हे कुठेच नाहीत, कारण काढणारे तेच. मी त्यांच्याकडे बघते आहे तोवर त्यांनी माझा हात धरला, आणि खटका वाजला.

मग छोट्या पडद्यावर आम्ही दोघांनी तो फोटो बघितला. वड्या स्वच्छ, वाळत घातलेलं धोतर स्वच्छ, माझ्या कपाळावरच्या आठ्यासुद्धा मोजता येतील इतक्या स्वच्छ. फक्त मधे आमचे दोघांचे हात होते तिथे सगळं पुसट, धुरकट. यांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. बराच वेळ बघत राहिले. आणि कॅमेरा म्हातारा झाला असं म्हणाले नाहीत. म्हणाले, "माझा हात हलला."

आई, तुझी लेक आहे मी. थाप जिभेवर तयार होती. तुमचा नाही हो, मीच हलले, मीच तर वळून बघत होते. किती सोपं होतं. यांनी मानलंही असतं, आणि आमचं अळीमिळी गुपचिळी पुढे सुरू राहिलं असतं. पण त्या क्षणी मला बाबा आठवले. बाबांचे कान कधी कुणी तपासले नाहीत. कसे तपासतील? आपल्या घरात ऐकू तुला येत नव्हतं. मी यांच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "हो. तुमचा हात हलला." खाली रस्त्यावरून कुणीतरी गॅसची टाकी नेत होतं, तिचा आवाज दूर गेला तेव्हा यांनी कॅमेरा बंद केला. मग म्हणाले, "डॉक्टरकडे जायचं म्हणून राहिली होती ना तू? चल. सोमवारी जाऊ." आणि थोडं थांबून, "सोबत येशील ना?"

सोमवार उद्या आहे. डॉक्टर काय म्हणतील, मला माहीत नाही. हा कागद कुठल्या पेटीत टाकायचा तेही मला माहीत नाही, तेव्हा तो माझ्याजवळच राहील. तुझे उपकार मोठे आहेत आणि ते फिटायचे नाहीत, फेडायचेही नाहीत. तू दिलेल्या थापेच्या जोरावर मी त्या फोटोपर्यंत पोहोचले. पण तुझ्यासारखं शेवटपर्यंत निभावणं मला जमलं नाही. आणि खरं सांगू आई? जमलं नाही याचं मला बरं वाटतं आहे.